सुईचा शेवटचा प्रवास : मुंबई उपनगरांतील निकामी सुया-टाचण्यांच्या विल्हेवाटीचा ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

सुईच्या अग्रावर मावेल एवढीही भूमी पांडवांना देणार नाही, हा दुर्योधनाचा हट्ट महाराष्ट्रातील लहान मुलांनाही ठाऊक असतो. क्षुद्रातील क्षुद्र परिमाण सांगताना आपल्या परंपरेला सुईचे टोक आठवले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. परंतु ज्या वस्तूने क्षुद्रतेचे माप पुरवले, तिचा स्वतःचा इतिहास मात्र क्षुद्र मानून बाजूला सारला गेला. वस्त्रोद्योगाच्या इतिहासात कापूस आहे, गिरणी आहे, माग आहे आणि संपही आहे. सुई क्वचितच आहे, आणि निकामी झालेली सुई तर मुळीच नाही.

प्रस्तुत निबंधात अंधेरी, घाटकोपर, बोरिवली आणि मुलुंड या उपनगरांच्या संदर्भात एक साधा प्रश्न विचारला आहे. बोथट झालेली, गंजलेली किंवा मोडलेली सुई घरातून बाहेर पडल्यावर कोठे जाते आणि वाटेत कोणाच्या हाताला लागते? प्रश्न वरवर घरगुती वाटला तरी त्यात तंत्रज्ञान, नागरी प्रशासन आणि श्रम या तिन्हींचा इतिहास गुंतलेला आहे.

जपणुकीचा काळ

हाताने शिवण्याच्या काळात सुई ही टाकून देण्याची वस्तू नव्हती. गोधडी किंवा वाकळ शिवणाऱ्या घरात जुन्या लुगड्या-धोतरांना दुसरा जन्म मिळे आणि तो देणारी सुई वर्षानुवर्षे तीच असे. ती फडक्याच्या घडीत टोचून ठेवावी, गंज चढल्यास घासून काढावा, टोक बोथट झाल्यास दगडावर लावून घ्यावे, नेढे तुटले तरच तिचा नाद सोडावा, असा साधारण शिरस्ता होता. तिन्हीसांजेनंतर सुई कोणाला देऊ नये, हा संकेत अनेक घरांत पाळला जाई. त्यामागे मंद उजेडात हातून निसटलेली सुई सापडणार नाही, ही व्यावहारिक भीती असावी, असा अर्थ लावता येतो. अनवाणी चालणाऱ्या आणि जमिनीवर निजणाऱ्या कुटुंबात हरवलेली सुई हा खराच धोका होता.

या काळात चांगली पोलादी सुई बहुतांशी परदेशातून येई. इंग्लंडमधील रेडिच व स्टडली हा परिसर एकोणिसाव्या शतकात सुईनिर्मितीचे जागतिक केंद्र होता. सुयांना टोक काढणाऱ्या तेथील कामगारांच्या फुप्फुसांत पोलादाची व दगडाची धूळ जाई आणि त्यांतील अनेक जण ऐन उमेदीत दगावत. अ‍ॅडम स्मिथने १७७६ साली श्रमविभागणीचा सिद्धांत मांडताना टाचण्यांच्या कारखान्याचे उदाहरण घेतले. सुमारे १८ क्रिया वाटून घेणारी १० माणसे दिवसाला ४८,००० टाचण्या तयार करतात, हा त्याचा हिशेब अर्थशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी वाचतो. या टाचण्या पुढे कोठे जातात, हा प्रश्न त्या हिशेबात नाही.

स्वातंत्र्योत्तर भारतात १९४९ साली निलगिरीतील केट्टी येथे स्टडलीच्या कंपनीची उपकंपनी म्हणून 'नीडल इंडस्ट्रीज (इंडिया)' स्थापन झाली. पुढे परकीय चलन नियमन कायद्यानुसार भागभांडवलातील परकीय वाटा कमी करण्यावरून उद्भवलेला तिचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८१ साली सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या पीठाने दिलेला त्याचा निकाल कंपनी कायद्याच्या अभ्यासात आजही वाचला जातो. तात्पर्य, सुईच्या जन्माचे दस्तऐवज विपुल आहेत. तिच्या अखेरीचे दस्तऐवज मात्र शोधावे लागतात.

यंत्राची सुई आणि टाकण्याची सवय

शिवणयंत्राने सुईचे आयुष्यमान बदलले. एलियास हाव याच्या १८४६ च्या पेटंटापासून यंत्राच्या सुईचे नेढे टोकाजवळ आले. या सुईने कापडाखाली नेलेला दोऱ्याचा फास खालच्या आकड्याने अचूक पकडला, तरच टाका पडतो. त्यामुळे सुई किंचित वाकली वा तिचे टोक झिजले तरी टाके सुटतात, कापडाचे धागे ओढले जातात. हातसुई घासून पुन्हा वापरता येते. यंत्राच्या सुईला ती सवलत नाही. साधारण आठ तासांच्या शिलाईनंतर सुई बदलावी, असा सल्ला आज सर्रास दिला जातो. शिवणकामात नियमितपणे फेकून देण्याची गोष्ट यंत्राबरोबर आली, असे म्हणता येईल.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिंगर कंपनीची यंत्रे मुंबईत रुळली. नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी कंपनीचे प्रतिनिधी म्हणून त्यांचा प्रसार केला. १९०८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सेवासदनासारख्या संस्थांनी स्त्रियांना शिवणकाम शिकवून त्यास स्वावलंबनाची प्रतिष्ठा दिली. १९३० च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनीअरिंग वर्क्सने 'उषा' हे भारतीय बनावटीचे यंत्र आणले आणि पुढील काही दशकांत मध्यमवर्गीय घरात शिवणयंत्र असणे ही नवलाची बाब राहिली नाही. उपनगरांतील चाळींत व गृहनिर्माण संस्थांत पोलके, फ्रॉक, फॉल-पिको यांची कामे घरोघरी होऊ लागली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर ज्या कामगार कुटुंबांचे उत्पन्न खुंटले, त्यांच्यापैकी अनेक घरांत स्त्रीचे शिलाईकाम हा आधार ठरला. यंत्राची सुई या घरांत अन्न मिळवून देत होती. तीच मोडली की केराच्या डब्यात जात होती.

उपनगरांचा कचरा

ही सुई पुढे कोठे गेली, हे समजण्यासाठी उपनगरांचा नागरी इतिहास पाहावा लागतो. मुंबई शहराने आपला कचरा फार पूर्वीच साष्टीकडे वळवला होता. १९०६ साली कुर्ला ते चेंबूर हा लोहमार्ग कचरागाड्यांसाठी घालण्यात आला. त्यावरून प्रवासी वाहतूक १९२४ मध्ये सुरू झाली. देवनारचे क्षेपणस्थान १९२७ पासूनचे मानले जाते. म्हणजे उपनगरे महानगरपालिकेत येण्यापूर्वीच शहराची केरकुंडी झाली होती. १९५० साली अंधेरी व घाटकोपर हे भाग आणि १९५७ साली बोरिवली व मुलुंड हे भाग बृहन्मुंबईच्या हद्दीत आले. १८८८ च्या महानगरपालिका अधिनियमातील कलम ६१ नुसार सफाई हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य होते. ते आता या वस्त्यांनाही लागू झाले.

परिणामी परसातला उकिरडा गेला आणि त्याच्या जागी सार्वजनिक कचराकुंडी आली. उकिरड्यातील सुई टोचलीच तर घरच्या माणसाला टोचे. कुंडीतील सुई अनोळखी माणसाला टोचू लागली. टाकणारा आणि इजा सोसणारा यांची ही फारकत या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची घटना आहे.

बोरिवलीजवळील गोराई क्षेपणस्थान १९७२ ते २००७ या काळात वापरात होते. नंतर ते मातीने व अभेद्य आच्छादनाने शास्त्रीय पद्धतीने बंद करण्यात आले. मुलुंडचे क्षेपणस्थान ऑक्टोबर २०१८ मध्ये नव्या कचऱ्यासाठी बंद झाले आणि तेथील जुना कचरा उकरून वेगळा करण्याचे काम हाती घेण्यात आले. या ढिगांत तीन-चार पिढ्यांच्या सुया पडल्या आहेत. यंत्राच्या एका सुईचे वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असते. साधे पोलाद ओलाव्यात यथावकाश गंजून मातीत मिसळते. निकल वा क्रोमचा मुलामा असलेली सुई अधिक काळ टिकते. तेव्हा निकामी सुईचा प्रश्न प्रदूषणाचा फारसा नाही. तो क्षेपणस्थानी पोहोचण्याआधीच्या वाटेवरचा आहे.

वाटेवरचे हात

या वाटेवर जिन्यावरून कचरा उचलणारा कामगार आहे, गाडीवरचा कामगार आहे आणि कचरा वेचणारी स्त्री आहे. पातळ पिशवीत गुंडाळलेली सुई पिशवी उचलताना तळहातात घुसते. दुखापतीच्या क्षणी ती शिवणाची सुई आहे की इंजेक्शनची, हे कळण्यास मार्ग नसतो. शिवणाच्या सुईने मुख्यतः धनुर्वाताचा व जखम चिघळण्याचा धोका संभवतो. धनुर्वात गंजामुळे होतो हा समज मात्र चुकीचा आहे. माती व विष्ठेतील जिवाणूंचे बीजाणू खोल जखमेत गेल्याने तो होतो. इंजेक्शनच्या सुईने काविळीच्या 'ब' प्रकारासारखे रक्तजन्य संसर्ग होऊ शकतात. दोन्हींतील फरक टाकणाऱ्यास ठाऊक असतो, टोचून घेणाऱ्यास नसतो. शिवणाच्या सुईचीही भीती त्यास इंजेक्शनच्या सुईइतकीच वाटते, ती यामुळे.

या हातांनी आपल्या हक्कांचा इतिहासही घडवला आहे. १९७५ साली स्थापन झालेल्या स्त्री मुक्ती संघटनेने पुढे 'परिसर विकास' उपक्रमातून मुंबईतील कचरावेचक स्त्रियांना संघटित केले. कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने महानगरपालिकेच्या २७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा मार्ग मोकळा झाला. हातमोजे व गमबूट यांची मागणी या चळवळींच्या केंद्रस्थानी राहिली, यात नवल नाही.

नियमांतील सुई

इ. स. २००० च्या नागरी घनकचरा नियमांनी वर्गीकरणाचा आग्रह धरला. २०१६ च्या नियमांत 'घरगुती घातक कचरा' या व्याख्येत वापरलेल्या सुया व सिरिंजा यांचा स्पष्ट उल्लेख आला आणि असा कचरा स्वीकारण्यासाठी दर २० चौरस किलोमीटरमागे एक केंद्र असावे, अशी तरतूद झाली. या उल्लेखाचा रोख अर्थातच वैद्यकीय सुईकडे होता. शिवणाची सुई शब्दाने त्यात बसते, हेतूने बसत नाही. २०२६ च्या नियमांनी ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार भाग केले. मोडलेली टाचणी यांपैकी कोठे टाकावी, हा निर्णय अखेर गृहिणी व शिंपी यांच्या विवेकावरच राहतो.

याउलट निर्यातीसाठी कपडे शिवणाऱ्या कारखान्यांत फार काटेकोर शिस्त आढळते. मोडलेल्या सुईचे सर्व तुकडे गोळा करून नोंदवहीत चिकटपट्टीने लावल्याशिवाय कामगारास नवी सुई मिळत नाही. एखादा तुकडा न सापडल्यास तयार माल धातुशोधक यंत्रातून काढला जातो. ही दक्षता परदेशी ग्राहकाच्या त्वचेसाठी आहे. तशी दक्षता सफाई कामगाराच्या तळहातासाठी कोणत्याही नोंदवहीत लिहिलेली नाही. आपल्या व्यवस्थेने कोणत्या शरीराचे मोल किती मानले, याचे इतके बोलके उदाहरण विरळा.

जपानमध्ये ८ फेब्रुवारीस, काही प्रदेशांत ८ डिसेंबरला, 'हारी-कुयो' हा विधी होतो. वर्षभरात मोडलेल्या सुया देवळात नेऊन टोफू किंवा कोन्याकूच्या मऊ वडीत टोचतात आणि कष्ट केलेल्या सुईला मऊ जागी विश्रांती देतात. आपल्याकडे खंडेनवमीस शिंपी आपल्या यंत्राची व कात्रीची पूजा करतात. मात्र ही पूजा चालत्या हत्याराची असते. थकलेल्या हत्याराला निरोप देण्याची रीत आपण निर्माण केली नाही.

काही व्यवहार्य सूचना

इतिहासाच्या या आढाव्यातून काही साध्या सूचना निघतात. घरात व शिंप्याच्या दुकानात घट्ट झाकणाचा एक लोखंडी डबा निकामी सुया-टाचण्यांसाठी राखून ठेवावा. जमिनीवर सांडलेल्या सुया लोहचुंबकाने गोळा कराव्यात. पितळी टाचण्या चुंबकास चिकटत नाहीत, त्या नजरेनेच टिपाव्या लागतात. डबा भरण्यास काही वर्षे लागतील. भरल्यावर झाकण चिकटपट्टीने पक्के करून, आत काय आहे हे वर लिहून आणि तोंडी सांगून तो भंगारवाल्यास द्यावा. एकटी सुई भंगारात कोणी घेत नाही, परंतु डबाभर पोलाद घेतले जाते. जालन्यासारख्या ठिकाणच्या भट्ट्यांत भंगारापासून सळया तयार होतात, हे लक्षात घेता सुईचा पुनर्जन्म अशक्य नाही. वैद्यकीय सुया मात्र या डब्यात कदापि टाकू नयेत.

पुनर्वापराच्या वाटाही आहेत. गंजलेली हातसुई बारीक पॉलिश कागदाने घासून गोणपाटाच्या कामास घेता येते. लाकडी मुठीत बसवलेली सुई वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत विच्छेदनसुई म्हणून चालते. चुंबकित करून बुचावर तरंगत ठेवलेली सुई पदार्थविज्ञानाच्या वर्गात होकायंत्र होते. महाविद्यालयांनी परिसरातील शिंप्यांकडून असे डबे गोळा करण्याचे काम राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांकडे सोपवल्यास खर्च नगण्य येईल.

समारोप

सुई दुर्मिळ होती तेव्हा ती जपली गेली. ती स्वस्त झाली तेव्हा विसरली गेली. या दोन अवस्थांच्या दरम्यान उपनगर वाढले आणि टाकणाऱ्यापासून वेचणारा दूर गेला. म्हणून निकामी सुईची सुरक्षित विल्हेवाट म्हणजे धातूची विल्हेवाट एवढाच अर्थ घेणे अपुरे आहे. जो हात आपल्याला दिसत नाही, त्याची आठवण ठेवणे हा तिचा खरा आशय आहे. दुर्योधनाने सुईच्या अग्राएवढी भूमी नाकारली. त्याच अग्रापासून दुसऱ्याचा हात वाचवण्यासाठी आपल्याला लागते ते फक्त एका डब्याएवढे घर आणि डब्याचे झाकण लावण्याएवढे भान.