पाटीच्या कोपऱ्यातलं नाव

मराठी पाट्यांचा वाद पेटला की मला अब्बांचा पत्र्याचा डबा आठवतो. टर्पेंटाइनच्या वासाचे ब्रश, खडूची पूड, सुताचा गुंडा आणि हात टेकायला एक काठी, एवढं त्यांचं दुकान. आधी पत्र्याला रेड ऑक्साइडचा हात, वर एनॅमलचा रंग, तो वाळला की सूत मारायचं. खडूत घोळलेल्या दोरीचं एक टोक माझ्याकडे, दुसरं अब्बांकडे. मधे चिमटीत धरून सोडली की सरळ रेघ उमटायची. त्या रेघेवर शिरोरेषा. "रेघ चुकली तर आख्खं दुकान तिरकं दिसतं," असं ते म्हणत.

अब्बा हा हुन्नर ज्यांच्याकडे शिकले, ते उस्ताद मूळचे कातिब. नस्तालिक अक्षरं एकमेकांच्या खांद्यावरून उतरत येतात, ती शिशाच्या खिळ्यांत बसवणं फार अवघड. म्हणून मराठी छपाई खिळ्यांवर स्थिरावल्यानंतरही उर्दू वर्तमानपत्रं कित्येक दशकं कातिबांच्या बोरूवरच चालली. लिहिलेलं पान शिळेवर उतरवायचं आणि छापायचं. १९८१ साली नूरी नस्तालिक आलं, नव्वदच्या दशकात इनपेज आलं आणि कातिबांचे हात रिकामे झाले. छोट्या गावातलं त्यांचं काम मात्र त्याच्या कितीतरी आधी आटलं होतं. उस्ताद तेव्हाच पाट्यांकडे वळले.

नस्तालिकमध्ये अक्षराची उंची-लांबी नुक्त्यांत मोजतात. कलमाच्या टोकानं काढलेला एक ठिपका म्हणजे एक माप. उस्तादांनी तेच माप देवनागरीला लावलं. मराठीचा 'ल' दोन पाकळ्यांचा, 'श' देठाचा. हिंदी वळणाचा 'ल' एखाद्या शागिर्दानं काढला, तर पुसून पुन्हा काढावा लागे. पुढे संगणकावरच्या फॉन्टांनी हिंदी वळणाचा 'ल' घरोघर पोचवला. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयानं पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' प्रमाण ठरवला, तेव्हा मी ती बातमी अब्बांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "मग आम्ही इतकी वर्षं काय लिहीत होतो?"

महाराष्ट्रात पेंटर हा शब्द नुसता धंद्याचा नाही, तो आडनावासारखा चिकटतो. कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री नाटकांचे पडदे रंगवता रंगवता बाबूराव पेंटर झाले आणि मराठी सिनेमाच्या इतिहासात त्याच नावानं राहिले. पंढरपुरात १९१५ साली जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवत होते. पुढे त्यांची सही जगाला ओळखू आली. पण होर्डिंग रंगवणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला फार तर पाटीचा उजवा कोपरा येतो. तिथं बारीक अक्षरांत नाव, म्हणजे त्याची सहीही तीच आणि जाहिरातही तीच.

अब्बांचं नाव १९९३ पर्यंत त्या कोपऱ्यात असे. त्या उन्हाळ्यात एका देवळाच्या जीर्णोद्धारासाठी देणगीदारांची पाटी त्यांनी लिहिली. दीडशेच्या वर नावं, एकाही नावात काना-मात्रा चुकला नाही. मंडळी जुन्या ओळखीची. म्हणाली, "पेंटर, काम झकास झालंय. फक्त खाली नाव नको. दिवस कसे आहेत, तुम्ही जाणताच." अब्बा वाद घालणारे नव्हते. त्यांनी टर्पेंटाइनमध्ये फडकं बुडवलं, नाव पुसलं आणि 'पेंटर' एवढं राहू दिलं. त्यानंतर प्रत्येक पाटीवर ते तेवढंच लिहीत गेले, मशिदीच्या पाटीवरसुद्धा. मी कारण विचारलं नाही. आज वाटतं, विचारायला हवं होतं.

मग फ्लेक्स आला. अब्बांना दोन दिवस लागत ते काम मशीन काही मिनिटांत करू लागलं. २०२२ च्या दुरुस्तीनं राज्यातल्या सगळ्या दुकानांना मराठी पाटी सक्तीची झाली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती लावायला दोन महिन्यांची मुदत दिली. मराठी पाट्यांना असं मोठं गिऱ्हाईक आलं, तेव्हा त्या हातानं लिहिणारे उरले नव्हते.

त्यातच पातूरचा खटला गाजला. अकोला जिल्ह्यातल्या या नगरपरिषदेच्या पाटीवर वर मराठी आणि खाली उर्दू. उर्दू काढा, अशी मागणी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयानं ती फेटाळली. भाषा म्हणजे धर्म नव्हे आणि उर्दू याच मातीतली आहे, असं निकालात स्पष्ट म्हटलं.

निकाल वाचताना मला जुने कागद आठवले. निजामशाही-आदिलशाहीच्या कित्येक फर्मानांवर वर फारसी आणि खाली मोडीत मराठी असते. तेव्हा दरबाराची भाषा वर होती आणि रयतेची खाली. आज राज्याची भाषा मराठी वर आहे, तसंच असायला हवं. पण एकाच कागदावर दोन लिपी नांदवणं ही या मुलखाची जुनी सवय आहे. माझ्या घरात तर ती एकाच हातात होती.

मागच्या दिवाळीत गावी गेलो होतो. बाजारपेठेतल्या एका दुकानाचा फ्लेक्स वाऱ्यानं फाटला होता आणि आतून जुना पत्रा दिसत होता : 'भुसार मालाचे व्यापारी'. 'ल' दोन पाकळ्यांचा. मी पुढं होऊन फ्लेक्सचं टोक बाजूला केलं. कोपऱ्यात अब्बांचं नाव होतं, पूर्ण. खाली साल, १९८६.

दुकानदार म्हणाले, "नवा फ्लेक्स टाकायचाय उद्या."

मी म्हणालो, "हाच राहू द्या की. सरळ आहे."