अनुभव कमी, तरी ट्रकचालकाला चांगला पगार कसा मिळेल? अंबरनाथ-बदलापूर-उल्हासनगर पट्ट्यातली गणितं

अंबरनाथ आणि बदलापूरच्या एमआयडीसीत रसायनांचे कारखाने आहेत, उल्हासनगरात फर्निचर आणि जीन्सचा व्यापार आहे, आणि भिवंडीची गोदामंही जवळच आहेत. त्यामुळे चालकाचं काम मिळतं, पण नवख्याला बहुतेकदा कमी पगाराचं. हा पगार वाढतो तो फक्त वर्षं सरली म्हणून नाही. लायसन्सवर कोणती नोंद आहे आणि गाडीत कोणता माल आहे, यावरही तो ठरतो.

सुरुवात कुठून करावी?

नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की, हलक्या वाहनाचं (एलएमव्ही) लायसन्स असलेल्याला 7,500 किलोपर्यंत एकूण वजनाचं मालवाहू वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवता येतं. म्हणजे छोटा हत्ती, पिकअप यांवर लगेच काम सुरू करता येतं. फर्निचर किंवा कपड्यांच्या फेऱ्या करताना रिव्हर्स घेणं, माल बांधणं आणि बिल्टी सांभाळणं अंगवळणी पडतं.

पुढची पायरी कोणती?

अवजड वाहनासाठी वयाची 20 वर्षं पूर्ण असावी लागतात आणि एलएमव्ही लायसन्स किमान एक वर्ष जुनं लागतं. सोबत ड्रायव्हिंग स्कूलचं प्रशिक्षण प्रमाणपत्र आणि वैद्यकीय दाखला लागतो. आठवी पासची अट 2019 मध्ये रद्द झाली. या पट्ट्यासाठी कल्याणचं आरटीओ (एमएच-05) आहे.

इथल्या चालकासाठी मोठी संधी त्यानंतर आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या नियम 9 नुसार धोकादायक माल नेणाऱ्या चालकाला तीन दिवसांचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता येणंही आवश्यक आहे. या लायसन्सची मुदत तीन वर्षं असते, आणि नूतनीकरणाआधी एक दिवसाचं उजळणी प्रशिक्षण घ्यावं लागतं. रसायनांच्या टँकरवर ही नोंद नसलेल्याला बसवताच येत नाही. म्हणून ज्याच्याकडे ती आहे, त्याला पगाराबद्दल बोलता येतं.

जास्त आकडा म्हणजे जास्त पगार नव्हे

समजा, एक कंपनी 22,000 रुपये देते. काम 26 दिवस, रोज 9 तास. दुसरी 28,000 देते, पण रोज 14 तास. पहिलीकडे तासाला सुमारे 94 रुपये पडतात, दुसरीकडे 77. त्यातून जेवणखर्च स्वतःचा असेल तर आणखी कमी. न्हावा-शेवाच्या कंटेनर फेऱ्यांत रांगेत थांबण्याचे पैसे मिळतात का, हेही आधीच विचारा.

होकार देण्याआधी हे विचारा

- पगार महिन्याचा की ट्रिपवर? भत्ता वेगळा की त्यातच?
- पीएफ आणि ईएसआय कापतात का? महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार ईएसआयच्या कक्षेत येतात.
- माल कमी भरला किंवा गाडीला ओरखडा आला, तर कपात कोणाच्या पगारातून?
- गाडीचा विमा, फिटनेस आणि परमिट चालू आहेत का?

नोकरी लावून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्याला पैसे देऊ नका. मूळ लायसन्स मालकाकडे ठेवू नका. प्रत पुरेशी आहे. मोठी उचल घेतली की नोकरी सोडणं अवघड होतं, हेही लक्षात असू द्या.

नाही म्हणण्याची जागा

2014 च्या अखेरीस उल्हासनगरात वालधुनी नदीत टँकरमधून रसायन सोडल्यावर विषारी वायू पसरला आणि शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. अशा फेरीचे पैसे जास्त मिळतात, पण गाडी पकडली गेली की स्टिअरिंगवर चालकच सापडतो. टँकरमध्ये काय आहे, ते कुठे उतरवायचं आणि गळती झाली तर काय करायचं, याची लेखी माहिती (ट्रेम कार्ड आणि मालाची कागदपत्रं) हातात नसेल, तर गाडी हलवू नका.

थोडक्यात क्रम असा: आधी हलकी गाडी, मग अवजड लायसन्स, मग धोकादायक मालाची नोंद. आणि प्रत्येक वेळी पगाराला तासांनी भागून बघा.