बझर वाजल्यानंतर

कॉलेजांच्या क्विझमध्ये शोभेल असा एक प्रश्न: दक्षिण भारताचं केंब्रिज कोणतं? उत्तर, कुंभकोणमचं सरकारी कॉलेज. दहा गुण! मला मात्र त्या उत्तरामागचा इतिहास जास्त मोलाचा वाटतो.

कावेरीकाठी १८५४ मध्ये निघालेल्या शाळेचं १८६७ मध्ये कॉलेज झालं. ते नावारूपाला आणलं दोघांनी: केंब्रिजमध्ये शिकलेले विल्यम पोर्टर आणि तंजावरी मराठी घरातले टी. गोपाळराव.

पुढे १९०४ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून रामानुजन याच कॉलेजात आले. गणितापुढे त्यांना दुसरं काही सुचेना. परीक्षा मात्र क्विझसारखीच, सगळ्यातलं थोडं थोडं विचारणारी. इंग्रजीत ते नापास झाले, शिष्यवृत्ती गेली, कॉलेज सुटलं. १९१४ मध्ये त्यांना बोलावून घेतलं ते इंग्लंडमधल्या खऱ्या केंब्रिजनं.

क्विझ मलाही आवडते. पण टीम निवडणाऱ्या शिक्षकांना मी एवढंच सांगेन: एकाच विषयात बुडालेल्या, बाकी प्रश्नांना गप्प बसणाऱ्या मुलाकडेही बघा. टीममध्ये नसला, तरी वर्गात त्याची जागा राखा.