लाल शाईचा इतिहास

गणपतीच्या आधीची गोष्ट. माझ्या नातीचा मोबाइलवर इंग्रजीत निरोप आला. ती शिकायला पुण्यात, मी साताऱ्यात. 'तुम्ही' या अर्थाचा सबंध शब्द लिहिण्याऐवजी तिने 'यू' हे एकच अक्षर टेकवले होते. वाक्याच्या आरंभी मोठ्या अक्षराचा पत्ता नव्हता. आणि 'त्याचे' या अर्थाच्या 'इट्स'मध्ये नको तिथे अपॉस्ट्रॉफी! चौतीस वर्षे इंग्रजी शिकवलेला मी, हात शिवशिवले. एकेक चूक दाखवली आणि वर, 'तुमच्या पिढीने भाषेचे वाटोळे केले,' असेही ऐकवले. पुढे पंधरा दिवस तिचा निरोप नाही. लिहिणे सुधारण्याऐवजी बंदच पडले!

त्या पंधरा दिवसांत जुनी पुस्तके काढून बसलो. हे वाटोळे नेमके केव्हा सुरू झाले ते पाहावे म्हटले. आणि जसजसा मागे गेलो, तसतशी माझीच फजिती होत गेली.

१९२१ साली इंग्लंडात न्यूबोल्ट समितीचा अहवाल निघाला. त्यात कारखानदारांचे गाऱ्हाणे आहे, की नोकरीला येणाऱ्या पोरांना धड इंग्रजी लिहिता येत नाही. म्हणजे हे माझ्या आजोबांच्या वेळचे! आणखी मागे, १७६२ साली, रॉबर्ट लाउथ या धर्मपंडिताने व्याकरण लिहिले आणि शेक्सपिअर, मिल्टन, इतकेच काय, बायबलचे भाषांतर करणारे यांच्याही चुका काढल्या. त्याहूनही मागे, १७१० साली, जोनाथन स्विफ्ट 'टॅटलर'मध्ये कळवळून लिहितो, की लोक शब्दांची शेपटे तोडतात. 'जमाव' या अर्थाचा 'मॉब' हा शब्द त्याच्या डोळ्यांत खुपे, कारण तो एका लांबलचक लॅटिन शब्दप्रयोगाचा तुकडा होता. आज तो शब्द शुद्ध आहे आणि स्विफ्टचा राग विसरला गेला आहे.

मग सुवर्णयुग कुठले? विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधील पहिला छापखाना काढला. १४९० च्या एका प्रस्तावनेत त्याने एक गमतीची हकीकत सांगितली आहे. काही व्यापारी थेम्स नदीत वाऱ्यासाठी अडकून पडले. त्यांतला एकजण किनाऱ्यावरच्या एका घरी अंडी मागायला गेला. त्याने 'एग्ज' म्हटले. बाई म्हणाली, 'मला फ्रेंच येत नाही.' तो चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हते! शेवटी दुसऱ्या कोणी 'आयरेन' म्हटल्यावर तिला उलगडले. आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, तोच प्रकार. आता छापायचे ते कोणते, असा कॅक्स्टनचा सवाल होता.

स्पेलिंगला पुढे स्थैर्य आले, ते बरेचसे छापखान्यांमुळे. पण सगळ्याच गोष्टी शहाणपणाने ठरल्या नाहीत. कर्जाला 'डेट' म्हणतात, त्यातला 'बी' विद्वानांनी लॅटिन मुळाच्या आठवणीने घुसडला. तो कोणी उच्चारत नाही. बेटाच्या 'आयलंड'मधला 'एस' तर चुकीची व्युत्पत्ती धरून आला. पोरे जो घोकतात, तो पंडितांचा प्रमाद! खुद्द डॉक्टर जॉन्सनने १७५५ साली कोश पुरा केला, तो भाषा स्थिर करण्याच्या उमेदीने. पण प्रस्तावनेत त्याने कबूल केले, की हे कोशकाराच्या हातचे नाही. त्याच्या कोशात 'म्युझिक'च्या शेवटी 'के' आहे. आज लिहिला तर मीच लाल रेघ मारीन.

आणि अपॉस्ट्रॉफी? सतराव्या-अठराव्या शतकांत 'त्याचे' या अर्थी 'इट्स' पुष्कळदा अपॉस्ट्रॉफीसहच छापत. जेन ऑस्टिनने तर १७९० साली, चौदाव्या वर्षी, एका गोष्टीच्या शीर्षकातच 'फ्रेंडशिप'मधली दोन अक्षरे उलटी लिहिली.

आता कोणी म्हणेल, मग नियम कशाला? नियम हवेतच. औषधाच्या चिठ्ठीत, करारनाम्यात, अर्जात एका अक्षराने घोटाळा होतो. आणि परक्या माणसासमोर आपली ओळख आपल्या लिहिण्यावरून होते. पण अर्ज वेगळा, घरचा निरोप वेगळा. आमच्या वेळी तारेला शब्दामागे पैसे पडत. 'फादर सीरियस स्टार्ट इमिजिएटली' या वाक्यात क्रियापदे अर्धी नि व्याकरण शून्य. तरी ती वाचून कोणी लाल पेन्सिल शोधली नाही, पिशवी शोधली. २०१३ साली तारसेवा बंद झाली, तेव्हा त्याच तारांच्या आठवणीने आम्ही हळहळलो.

सोळाव्या दिवशी मी नातीला लिहिले, 'चूक तुझी, पण तीनशे वर्षांपूर्वी ती चालली असती. उशीर झाला एवढेच.' तिचे उत्तर आले. त्यात चुका चार होत्या. मी मोजल्या, सांगितल्या नाहीत. नोकरीचा अर्ज लिहायची वेळ आली, की तो आधी मला दाखवणार आहे, असे तिने आपण होऊन लिहिले होते.