टिरोची लघुलिपी

प्राचीन रोममधील लॅटिन शीघ्रलेखनाची पद्धत. तिचे जनकत्व परंपरेने मार्कस टुलियस टिरो याच्याकडे जाते. टिरो हा प्रसिद्ध वक्ता आणि ग्रंथकार सिसेरो याच्या घरचा गुलाम व चिटणीस. इ. स. पू. ५३ मध्ये सिसेरोने त्याला मुक्त केले आणि रोमन रिवाजाप्रमाणे धन्याचे नाव त्याला लाभले. सिसेरो पुष्कळ मजकूर तोंडी सांगून उतरवून घेई. इ. स. पू. ४५ मध्ये व्हॅरो या विद्वानाला एक नाजूक पत्र धाडायचे होते. ते मुद्दामच टिरोला सांगितले नाही, असे त्याने अ‍ॅटिकस या मित्राला कळवले आहे. टिरो वाक्येच्या वाक्ये एका दमात टिपतो, म्हणून ते स्पिंथारस नावाच्या लेखनिकाला अक्षर-अक्षर तोडून सांगितले. चिटणिसाच्या हातोटीला याहून चांगली पावती कोणती!

इ. स. पू. ६३ मध्ये सत्ता उलथवू पाहणाऱ्या कॅटिलिनाच्या कटातील आरोपींचे काय करायचे यावर सिनेटमध्ये वाद झाला. त्या वेळी कॉन्सल असलेल्या सिसेरोने सभागृहात ठिकठिकाणी शीघ्रलेखक बसवले होते आणि म्हणूनच केटो या सिनेटरचे भाषण टिकले, असे चरित्रकार प्लुटार्क सांगतो. टिरोचा उल्लेख मात्र तो तेथे करीत नाही. सेव्हिलचा बिशप इसिडोर हा तर पहिल्या ११०० खुणा एनियस या जुन्या रोमन लेखकाच्या नावावर मांडतो आणि त्यांत भर घालणाऱ्यांत टिरोबरोबर सेनेकालाही धरतो. तेव्हा ही लिपी एकट्याची निर्मिती नव्हे, हेच खरे दिसते.

लेखन मेणाच्या पाटीवर टोकदार लेखणीने होई. शब्दाच्या मूळ अंगासाठी एक खूण, आणि तिच्या वर, खाली किंवा बाजूला प्रत्ययाची बारीक खूण. लॅटिनसारख्या प्रत्ययबहुल भाषेला ही युक्ती फार सोयीची पडली. पाठ करणाऱ्याचे हाल मात्र वाढतच गेले : कॅरोलिंगियन राजांच्या काळापर्यंत खुणांची संख्या सुमारे १३,००० झाली होती. राजदप्तरात आणि मठांत तेव्हा ही लिपी चाले. अकराव्या शतकानंतर ती मागे पडली, पुढे वाचताही येईना. उलरिख फ्रीडरिख कोप या जर्मन अभ्यासकाने १८१७ मध्ये तिची उकल प्रसिद्ध केली.

‘आणि’ या अर्थाच्या लॅटिन ‘एत’ची खूण, इंग्रजी सातच्या आकड्यासारखी, आयर्लंडमध्ये आयरिश भाषेतील पाट्यांवर अजून दिसते. इंग्रजीतील ‘अँपरसँड’ हे चिन्हही टिरोच्याच खात्यावर टाकण्याची चूक अनेकदा होते. ते ‘ई’ आणि ‘टी’ ही दोन अक्षरे जोडून झालेले निराळे चिन्ह आहे. ‘म्हणजे’ या अर्थाच्या लॅटिन ‘व्हिडेलिकेट’चा संक्षेप ‘व्हिझ’ यातला झेडही मुळात अक्षर नव्हता. शब्दाच्या शेवटच्या ‘एत’साठी मध्ययुगीन लेखनिक एक वळणदार खूण काढीत, तिला छापखान्यात झेडचा खिळा मिळाला.