एकीची खबर सगळ्यांना



कर्जाचा कागद घेऊन एकटी बाई बँकेत गेली की "साहेब जेवायला गेलेत, उद्या या" असं ऐकून परत येते. गटातल्या दहा जणी मिळून गेलो की साहेब जागेवर सापडतात आणि कागद पुढे सरकतो. आपल्यापैकी कितीतरी जणींनी हे अनुभवलंय. पत्रकारांनाही हेच शहाणपण फार किंमत मोजून आलं. आफ्रिका खंडाच्या दक्षिण टोकाकडच्या देशांतल्या पत्रकारांनी एकमेकांचे हात कसे धरले, ते आज आपण ऐकणार आहोत.

गोष्ट सुरू होते नामिबियातून. मोठा वाळवंटी देश, वस्ती विरळ. त्याच्यावर शेजारच्या दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्यांच्या सरकारचं राज्य होतं. काळ्या माणसांनी कुठं राहायचं, कुठल्या शाळेत जायचं, हे गोरे ठरवत. तिथं १९८५ साली ग्वेन लिस्टर नावाच्या बाईंनी 'द नामिबियन' हा पेपर काढला. बाई स्वतः गोऱ्या, पण लिहीत होत्या राज्यकर्त्यांच्या विरुद्ध. देशाच्या उत्तर भागात लष्कर गावकऱ्यांवर काय अत्याचार करतंय, ते या पेपरात छापून येई. सरकार चिडलं. १९८८ साली पोलिसांनी बाईंना पकडून नेलं. कुठला गुन्हा केला, ते सांगितलं नाही. त्या वेळी त्या चार महिन्यांच्या गरोदर होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पेपरच्या कचेरीला आग लावण्यात आली. तरीही पेपर बंद पडला नाही.

२१ मार्च १९९० ला नामिबिया स्वतंत्र झाला. पुढच्याच वर्षी, २९ एप्रिल ते ३ मे १९९१ या दिवसांत, राजधानी विंडहोक इथं संयुक्त राष्ट्रसंघ आणि युनेस्को यांनी आफ्रिकेतल्या पत्रकारांची बैठक बोलावली. अध्यक्षपदी होत्या ग्वेन लिस्टर. जमलेल्यांनी एक जाहीरनामा तयार केला. त्यात खंडाचा हिशेब मांडला होता : निदान १७ पत्रकार, संपादक, प्रकाशक त्या घडीला तुरुंगात होते आणि १९६९ ते १९९० या काळात ४८ पत्रकार आपलं काम करताना मारले गेले होते.

जाहीरनाम्यात आपल्याला सहज समजेल अशी एक गोष्ट आहे. पेपर सरकारच्या हुकमतीखाली नसावा, एवढं म्हणून ते थांबले नाहीत. कागद, शाई, छापखाना, म्हणजे ज्याच्यावाचून पेपर निघत नाही, त्याच्या नाड्याही एकाच्या हातात नसाव्यात, असं त्यांनी लिहिलं. आपल्याला हे कोणी शिकवायला नको. शिध्याच्या कोठीची किल्ली ज्याच्या कमरेला, त्याच्यापुढे बोलताना घरातल्या सुनेचा आवाज खाली येतोच. हा जाहीरनामा ३ मे रोजी मंजूर झाला, म्हणून १९९३ साली संयुक्त राष्ट्रसंघानं ३ मे हा जागतिक वृत्तपत्र स्वातंत्र्य दिन ठरवला.

पण नुसता जाहीरनामा लिहून कोणी सुटत नाही. म्हणून १९९२ साली विंडहोकमध्येच 'मीडिया इन्स्टिट्यूट ऑफ सदर्न आफ्रिका' ही संस्था उभी राहिली. तिचं आखूड नाव 'मिसा'. मिसा म्हटलं की आपल्याकडच्या जुन्या माणसांना आणीबाणी आठवते, कारण त्या नावाच्या कायद्याखाली १९७५ साली कितीतरी लोकांना खटल्याशिवाय तुरुंगात टाकलं होतं. आणि आफ्रिकेतली ही मिसा आहे तुरुंगातल्या माणसाच्या मागे उभी राहणारी! झांबिया, झिम्बाब्वे, मलावी, मोझांबिक, बोत्स्वाना, टांझानिया अशा ११ देशांत तिच्या शाखा झाल्या.

मिसाचं मुख्य काम ऐकायला साधं आहे. एखाद्या गावी बातमीदाराला पोलिसांनी उचललं, की तिथल्या शाखेनं आधी खात्री करायची : नाव काय, पेपर कुठला, कोणत्या कलमाखाली धरलं, कुठं ठेवलं. मग ती खबर फॅक्सनं, पुढे ईमेलनं, सगळ्या देशांत पाठवायची. परदेशी वकिलाती, वकील, इतर पेपर, सगळ्यांना कळवायचं. माणूस गुपचूप नाहीसा करणं मग सोपं राहत नाही. शिवाय वकिलाच्या खर्चाला हातभार, कायदे बदलण्यासाठी पाठपुरावा, आणि वर्षभरात कुठं काय घडलं त्याची नोंद ठेवणारं पुस्तक, अशी बाकीची कामं.

झांबियातली १९९६ ची हकिकत बघा. 'द पोस्ट' या पेपरात संसदेवर टीका छापून आली. संसदेनं स्वतःच निवाडा करून संपादक फ्रेड मेंबे, ब्राइट म्वापे आणि लेखिका लुसी सिचोने या तिघांना शिक्षा ठोठावली. लुसीबाई वकील होत्या, लोकांना नागरिक म्हणून आपले हक्क काय, ते शिकवायच्या. त्या तान्ह्या बाळाला घेऊन लपून राहिल्या. दोघे पुरुष तुरुंगात गेले. खबर देशाबाहेर पोचली, बोभाटा झाला, आणि शेवटी तिथल्या उच्च न्यायालयानं त्यांची सुटका केली.

दर वेळी असा चांगला शेवट झाला नाही, हेही सांगायला हवं. मोझांबिकमध्ये कार्लुश कार्दोझो नावाचे संपादक बँकेतल्या मोठ्या अफरातफरीचा शोध घेत होते. २२ नोव्हेंबर २००० ला राजधानी मापुतोच्या रस्त्यावर त्यांना गोळ्या घालून मारलं. त्यांच्या खुनाचा खटला दोन वर्षांनी उभा राहिला. तो रेडिओ-टीव्हीवरून थेट ऐकवला गेला आणि सहा जण दोषी ठरले. झिम्बाब्वेत 'डेली न्यूज' या पेपरचा छापखाना जानेवारी २००१ मध्ये स्फोटानं उडवला. पुढच्या वर्षी सरकारनं नोंदणीचा कायदा आणला आणि २००३ साली पेपरच बंद पाडला. मिसाची झिम्बाब्वे शाखा या कायद्याशी वर्षानुवर्षं झगडत राहिली.

नामिबियातही गंमत झाली. जे नेते स्वातंत्र्यासाठी लढले, त्यांच्याच सरकारला 'द नामिबियन'ची टीका बोचू लागली. २००० च्या अखेरीस सरकारनं ठरवलं, या पेपरला सरकारी जाहिरात द्यायची नाही. मग सरकारी पैशानं तो विकत घेणंही बंद केलं. आग लावली नाही, कोणाला पकडलं नाही, नुसती कोठीची किल्ली फिरवली. हा बहिष्कार २०११ पर्यंत चालला. वाचक खिशातले पैसे घालून पेपर घेत राहिले, म्हणून तो तगला. राज्य बदललं तरी राखण सोडायची नसते, हा धडा त्यातून मिळाला.

आता आपल्या जवळचा भाग. १९९१ चा जाहीरनामा मुख्यतः छापील पेपरांविषयी होता. पण खेड्यात पेपर किती पोचतो? ज्या बाईला अक्षरओळख नाही, तिला तो काय कामाचा? तिच्यासाठी रेडिओ हवा, आणि रेडिओ तर बहुतेक देशांत सरकारच्याच मुठीत होता. म्हणून दहा वर्षांनी, मे २००१ मध्ये, विंडहोकमध्येच पुन्हा बैठक झाली आणि आफ्रिकेची प्रसारणाची सनद तयार झाली. तिनं सांगितलं, रेडिओ तीन प्रकारचा असावा : जनतेच्या पैशावरचा, पण सरकारच्या तालावर न नाचणारा, व्यापारी, आणि लोकसमूहाचा, म्हणजे आपल्यासारखा.

त्याआधीच मलावी सरोवराच्या काठी मंकी बे या गावात, माध्यमांत काम करणाऱ्या बायकांच्या संघटनेनं युनेस्कोच्या मदतीनं 'झिम्वे' हे रेडिओ केंद्र सुरू केलं होतं. मासेमारी आणि शेती करणाऱ्या गावांतल्या बायका तिथं स्वतः बोलू लागल्या. उलट झिम्बाब्वेत, स्वातंत्र्याला ४० वर्षं झाल्यावर, २०२० च्या सुमारास कुठं पहिल्या सामुदायिक केंद्रांना परवाने मिळू लागले.

आपल्याकडे १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की हवेतल्या लहरी ही सगळ्या जनतेची मालमत्ता आहे. तो निकाल देणाऱ्यांत आपले मराठी न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. २००६ च्या धोरणानं लोकसंस्थांना रेडिओ चालवायची मुभा दिली. त्यामुळेच साताऱ्यातल्या म्हसवडला माणदेशातल्या बायकांचा रेडिओ घुमला, आणि आम्हीही आज तुमच्याशी बोलतोय. मात्र त्या धोरणानं आपल्याला स्वतःच्या बातम्या द्यायला मनाई केली. शेती, आरोग्य, बाजारभाव सांगा, पण बातमी सांगू नका, असा त्याचा अर्थ. पुढे आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवायची सवलत मिळाली, एवढंच.

म्हणजे गावच्या टाकीत पाणी का आलं नाही, ते माईकवरून विचारताना आमचाही आवाज थोडा दबतो. तिकडचे संपादक ज्या किल्लीविषयी बोलत होते, तिचा खुळखुळाट इथंही ऐकू येतो.

म्हणून मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एक करा. तुमच्या भागात खरं लिहिणारा, खरं विचारणारा बातमीदार कोण, त्याचं नाव सगळ्या जणींना माहीत असू द्या. कधी त्याच्यावर, किंवा तिच्यावर, दडपण आलं, तर खबर एकीपाशी अडकू देऊ नका. मिसानं हेच केलं. साधनं त्यांची मोठी होती, पण रीत आपल्याच बचत गटाची आहे. बँकेत दहा जणी गेलो की साहेब सापडतात, ते आपल्याला ठाऊक आहे.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.