लहरी आणि भिंती

मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. त्याचा सुमारें ३०० मीटर उंचीचा मनोरा वरळीस. भाईंदरजवळचें मुर्धा तेथून उत्तरेस तीसएक किलोमीटर. त्या काळीं अशा गांवीं खरी लढाई छपरावर होत असे. एकानें कौलांवर चढून अँटेना फिरवावी, दुसऱ्यानें खालून "आलें, आलें!" म्हणून ओरडावें! छपरावरून उतरलेली चपटी तार मात्र एकाच खोलींत जाई. म्हणून सारें घर, आणि बहुधा शेजारही, तेथेंच जमे.

१९९१ च्या आखाती युद्धानंतर केबल गल्लोगल्लीं पसरली. तिचे फांटे खोल्याखोल्यांतून काढतां येऊं लागले. आतां चित्र इंटरनेटवरून दाराशीं बिनबोभाट येतें आणि अडतें तें घरांतच. राउटरच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी दूरवर जातात, पण तेथें शेजाऱ्यांच्या लहरींचीही गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी अधिक भार वाहतात, पण विटांच्या भिंतीनें लवकर थकतात आणि सळ्यांच्या काँक्रीटपुढें तर हात टेकतात. परिणामीं दिवाणखान्यांत सामना रंगतो. मागच्या खोलींत अंथरुणास खिळलेल्या आजोबांपुढें चेंडू हवेंतच थबकतो! मध्यें ठेवलेला साधा रिपीटर तीच लहर झेलून पुढें फेंकतो. दोन्ही कामें एकाच वाटेनें होत असल्यानें वेग निम्म्यावर येतो. खात्रीचा उपाय जुनाच आहे : त्या खोलीपर्यंत तार ओढणें. ती दिसते म्हणून घरची मंडळी नाक मुरडतात. पण चौकटीच्या कडेनें नेल्यास ती सहसा डोळ्यांत येत नाहीं.